प्लास्टिकच्या जहाजावर लाकडी डेक बसवायचा आहे: गोंद कोणता वापरावा?

डोलकाठी

नमस्कार मंडळी,

मी १:९६ या प्रमाणातले शिडाच्या जहाजाचे मॉडेल बांधत आहे. किट संपूर्ण प्लास्टिकचे आहे. परंतु साच्यातून आलेल्या डेकवरील फळ्यांच्या रेषा मला फारच कृत्रिम वाटल्या, म्हणून त्यावर खऱ्या लाकडाच्या ०.६ मिलिमीटर जाड आणि सुमारे अडीच मिलिमीटर रुंद पट्ट्या बसवायचे मी ठरवले. त्याच ओघात डोलकाठ्या आणि शिडांच्या आडव्या काठ्याही लाकडाच्या कराव्यात आणि शेवटी जहाज एका लाकडी पाटीवर उभे करावे, असा बेत आहे. म्हणजे प्लास्टिक आणि लाकूड यांची गाठ तीन ठिकाणी पडणार आहे आणि तिन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी आहे.

आतापर्यंतचे तीन प्रयत्न फसले. किटच्या इतर भागांसाठी वापरतो तेच पातळ प्लास्टिक सिमेंट मी पहिल्यांदा लावले. संध्याकाळी पट्ट्या बसल्यासारख्या वाटल्या, सकाळी नखाने उचलताच त्या सुटल्या, आणि खालच्या प्लास्टिकवर त्यांचे वण उठलेले दिसले. मग सुतारकामाचा पांढरा गोंद, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, तो लावून पाहिला. तो वाळायला दोन दिवस लागले आणि वाळल्यावर दुधावरची साय उचलावी तसा अख्खा थर पट्ट्यांसकट निघून आला. तिसऱ्या वेळी सुपरग्लू वापरला. त्याने पकड घेतली खरी, परंतु जहाजाच्या काळ्या रंगवलेल्या बाजूंवर पांढरट, धुरकट डाग आले, आणि चाचणीसाठी बसवलेली एक काठी बोटाच्या हलक्या धक्क्याने मुळापासून वेगळी झाली.

तिन्ही ठिकाणी चालेल असा एखादा गोंद आहे का, की प्रत्येक जागी वेगळा लागेल? इपॉक्सीची शिफारस बरेच जण करतात, पण इतक्या नाजूक कामात ते ओबडधोबड दिसेल, अशी मला धास्ती वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

रंधा

तुमचे तिन्ही प्रयत्न ज्या रीतीने फसले, त्यातच उत्तराचा अर्धा भाग दडलेला आहे, म्हणून आधी तेच पाहू.

प्लास्टिक सिमेंट हा खरे तर गोंद नव्हेच. किटमधले प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असते आणि सिमेंटमधील ॲसिटोन, ब्यूटाइल ॲसिटेट किंवा एमईके (मिथाइल एथिल कीटोन) यांसारखी विद्रावके त्याचा पृष्ठभाग विरघळवतात. दोन्ही बाजू मऊ झाल्या की त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, विद्रावक उडून जाते आणि मागे एकसंध प्लास्टिक उरते. ही क्रिया चिकटवण्यापेक्षा वेल्डिंगला अधिक जवळची आहे. लाकूड या विद्रावकांत विरघळत नाही, त्यामुळे गुंतण्यासाठी दुसरा जोडीदारच मिळत नाही. मऊ झालेले प्लास्टिक लाकडाच्या रंध्रांत थोडेफार शिरते आणि तेवढ्याच आधारावर पट्टी रात्र काढते. ट्यूबमधल्या दाट सिमेंटमध्ये पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेले असते, म्हणून त्याची पकड किंचित बरी असते. तरीही लाकडाखाली कोंडलेले विद्रावक पातळ प्लास्टिकला मऊ करत राहते आणि वाकवते. तुम्हाला दिसलेले वण त्याचेच आहेत. संत्र्याच्या सालीत सापडणाऱ्या लिमोनीनवर बेतलेले सिमेंटही मिळते. त्याचा वास छान असतो, पण लाकडाच्या बाबतीत तेही तितकेच निरुपयोगी आहे.

पांढऱ्या गोंदाचे दुखणे नेमके उलटे आहे. त्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. लाकूड पाणी शोषून घेते, कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि लाकडाच्या तंतूंना धरून सलग थर बनतो. दोन लाकडांमध्ये हा गोंद इतका पक्का बसतो की ओढल्यावर बहुधा सांध्याऐवजी शेजारचे लाकूडच फाटते. प्लास्टिक मात्र पाणीही पीत नाही आणि त्याला रंध्रेही नसतात, त्यामुळे त्या बाजूला गोंदाचा नुसता पापुद्रा तयार होतो. वाळायला दोन दिवस लागले, याचे कारणही हेच आहे, कारण पाण्याला बाहेर पडायला एकच वाट होती. शिवाय तेच पाणी पिऊन ०.६ मिलिमीटरची पट्टी फुगते आणि वाळताना वळते, हा त्रास वेगळाच.

थोडक्यात, एका बाजूला विरघळायला तयार असलेले प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला प्यायला तयार असलेले लाकूड अशी ही जोडी आहे, आणि आपल्याला या दोन्हींवर अवलंबून नसलेला गोंद हवा आहे. असा गोंद स्वतःच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतो. मॉडेलच्या कामात त्याची दोन मुख्य रूपे आहेत: दोन भागांचे इपॉक्सी आणि सुपरग्लू. याशिवाय ‘कॅनोपी ग्लू’ नावाचा, पाणी असलेला एक गोंदही आहे, जो दिसायला पांढऱ्या गोंदासारखा असला तरी वाळल्यावर पारदर्शक व लवचिक राहतो आणि प्लास्टिकलाही बऱ्यापैकी धरतो. उडत्या मॉडेल विमानांत पारदर्शक प्लास्टिकचे छत बाल्सा या हलक्या लाकडाच्या चौकटीला बसवण्यासाठीच तो नावारूपाला आला, म्हणजे प्लास्टिक आणि लाकूड यांची सांगड हे त्याचे मूळ कामच आहे. जिथे ओढ किंवा भार नाही, तिथे तो मला फार सोयीचा वाटतो.

तुमच्या डेकसाठी मी इपॉक्सीच सुचवेन, पण प्रत्येक पट्टीखाली नव्हे. आधी ०.४ मिलिमीटरच्या पातळ प्लायवुडमधून डेकचा आकार कापून घ्यावा, त्यावर पट्ट्या पांढऱ्या गोंदाने बसवाव्यात, सपाट वजनाखाली दोन दिवस ठेवून नंतर घासून घ्याव्यात आणि हा तयार डेक एकाच वेळी इपॉक्सीने प्लास्टिकवर बसवावा. लाकडाला लाकडाचा गोंद मिळतो, अवघड सांधा एकच उरतो आणि तोही पूर्णपणे झाकला जातो, त्यामुळे ओबडधोबड दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

पूर्वतयारीविषयी मात्र तडजोड करू नका. किटच्या भागांवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंश राहू शकतो, म्हणून भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत. चिकटवण्याच्या जागेवरील चकाकी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घालवावी, कारण इपॉक्सीला गुळगुळीत पॉलिस्टायरीनवर पाय रोवायला जागा मिळत नाही. शेवटची पुसणी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने करावी. ॲसिटोनने पुसाल तर डेकच विरघळेल. जिथे रंग दिला आहे तिथला रंग खरवडून काढावा, कारण गोंद रंगाला चिकटतो आणि मग रंगाची प्लास्टिकवर जितकी पकड, तितकीच सांध्याची ताकद राहते.

इपॉक्सीचे रेझिन आणि हार्डनर वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नसून क्रियेतला बरोबरीचा भागीदार आहे. तो जास्त झाला तर शिल्लक उरतो आणि सांधा कायम मऊ, चिकट राहतो. मिश्रण पूर्ण एक मिनिट घोटावे आणि भांड्याच्या कडा खरवडून आत घ्याव्यात. पाच मिनिटांत पकडणारे इपॉक्सी घाईच्या कामाला ठीक आहे, पण डेकसारख्या मोठ्या पृष्ठभागासाठी सावकाश वाळणारेच वापरावे. ते लाकडात अधिक मुरते, अधिक मजबूत होते आणि डेक जागेवर सरकवायला वेळ देते.

कानस

रंधा यांचे विवेचन योग्य आहे, पण प्लायवुडच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. ०.४ मिलिमीटरचे प्लाय आणि ०.६ मिलिमीटरची पट्टी मिळून डेक एक मिलिमीटरने वर येतो. १:९६ प्रमाणात हा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे जवळजवळ दहा सेंटिमीटर. कठड्याची उंची तितकी कमी होते, दारांचे उंबरे बुडतात आणि तोफा किंवा चरक्या जणू डेकमध्ये रुतल्यासारख्या दिसतात. त्याशिवाय खऱ्या डेकला आडवा बाक असतो, पाणी बाजूंना वाहून जावे म्हणून मध्यभाग किंचित उंच ठेवलेला असतो. सपाट वाळवलेले प्लाय तो बाक सहजासहजी घेत नाही आणि जबरदस्तीने वाकवले तर कडांना ते कायम वर उचलू पाहते.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. प्लास्टिक आणि लाकूड यांचा सांधा त्याच दिवशी क्वचित तुटतो. तो ऋतू बदलल्यावर तुटतो, कारण हे दोन पदार्थ एका तालात हलत नाहीत. पॉलिस्टायरीन तापमानाने बरेच प्रसरण पावते. ६०० मिलिमीटर लांबीचा डेक धरला आणि तापमानात १५ अंश सेल्सियसचा फरक पडला, तर प्लास्टिकची लांबी सुमारे ०.६ मिलिमीटरने बदलते, तर तंतूंच्या दिशेने लाकडाची लांबी ०.०५ मिलिमीटरनेही बदलत नाही. लाकडाचा स्वभाव उलटा आहे: ते तापमानाला फारशी दाद देत नाही, पण हवेतल्या दमटपणाने तंतूंना काटकोनात फुगते आणि आक्रसते. १०० मिलिमीटर रुंदीची लाकडी पाटी पावसाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान सहज एक मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. हा फरक कुठेतरी जिरला पाहिजे. कडक गोंदाच्या लांबलचक सांध्यात तो जिरत नाही, म्हणून एका टोकापासून सांधा उकलायला लागतो.

डेकच्या बाबतीत यावरचा उपाय खऱ्या जहाजातच आहे. पूर्ण लांबीची एकच फळी कोणत्याही जहाजबांधणाऱ्याला मिळत नसे. फळ्या साधारण सहा ते सात मीटरच्या असत आणि त्यांचे जोड एकाआड एक ठेवलेले असत. तुमच्या प्रमाणात हे ६२ ते ७३ मिलिमीटर होतात. पट्ट्या तेवढ्या लांबीच्या कापून, जोड पुढेमागे ठेवून थेट प्लास्टिकवर बसवल्या, तर प्रत्येक पट्टीखालचे प्लास्टिक ०.०७ मिलिमीटरच्या आसपासच हलते आणि तेवढे कोणताही गोंद सहन करतो. डेक दिसायलाही अस्सल दिसतो. ज्याने अखंड ६०० मिलिमीटरच्या पट्ट्या टाकल्या, त्याला दोन्ही बाबतींत तोटाच होतो.

डोलकाठ्यांसाठी गोंदावर विसंबूच नये. बुंध्याशी टोकाला टोक लावून चिकटवलेली काठी म्हणजे एक लांब तरफ असते. वर बोट लागले की खाली सांध्याला सोलून काढणारे बल अनेक पटींनी वाढून पोहोचते, आणि सोलले जाण्याच्या बाबतीत सुपरग्लू फार दुबळा असतो. तुमची काठी तुटण्याचे कारण हेच आहे. काठीला किमान १५ ते २० मिलिमीटर आत शिरेल अशी खोबण द्या आणि ती फट सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीने भरा. लाकडाचे कापलेले टोक गोंद फार पिते, म्हणून आधी तिथे इपॉक्सीचा पातळ हात देऊन तो चिकचिकीत झाल्यावर दुसरा द्यावा. आडव्या काठ्यांना मध्यभागी ०.८ मिलिमीटरच्या पितळी तारेची पिन घालावी आणि डोलकाठीत त्याच मापाचे भोक पाडावे. भार पिन उचलते, गोंद फक्त पिन जागेवर ठेवतो.

पाटीसाठी तर गोंदाचा विचारच करू नका. जहाजाच्या तळाशी आतून एक नट इपॉक्सीने पक्का बसवा, वरचा डेक बंद करण्याआधी, आणि पाटीच्या खालून स्क्रू घाला. दोन आधार देणार असाल तर एका ठिकाणी पाटीतले भोक लांबट ठेवा, म्हणजे प्लास्टिकच्या लांबीतला फरक तिथे जिरेल आणि दोन स्क्रूंमध्ये जहाज ताणले जाणार नाही.

डोलकाठी

दोघांचेही मनापासून आभार. कानस यांचा फळ्यांच्या लांबीचा मुद्दा वाचून मी अक्षरशः डोक्याला हात लावला, कारण माझ्याकडच्या पट्ट्या अखंड आहेत आणि त्या तशाच टाकण्याचा माझा विचार होता.

आणखी काही शंका आहेत. थेट पट्ट्या बसवायच्या झाल्यास सुपरग्लूने ते पांढरे डाग पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करावे? दुसरे असे की, किटमधल्या दोरांच्या शिड्या एका मऊ, तेलकट स्पर्शाच्या प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांना काहीच चिकटत नाही, अगदी रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. तिसरे, केबिनच्या छतातील पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या लाकडी चौकटीत बसवायच्या आहेत. आणि एका मित्राने या सगळ्यासाठी चपला-बुटांना वापरतात तो पिवळा रबरी गोंद सुचवला आहे. तो चालेल का?

थेंबभर

सुपरग्लूच्या डागांविषयी लिहितो, कारण त्या डागांनी माझीही एक नौका खराब केली आहे.

सुपरग्लू म्हणजे बहुधा एथिल सायनोॲक्रिलेट. तो वाळत नाही. पृष्ठभागावर असलेल्या ओलाव्याच्या अदृश्य थरामुळे त्याचे रेणू साखळीने जोडले जातात आणि तो घट्ट होतो. हॅरी कूव्हर यांच्या गटाला १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा पदार्थ मिळाला आणि तो ज्याला त्याला चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. गोंद म्हणून तो बाजारात यायला १९५८ साल उजाडले. ओलावा कुठे नसतो, हे लक्षात घेतले की त्या चिकटपणाचे नवल वाटत नाही.

या क्रियेला किंचित अल्कधर्मी वातावरण मानवते आणि आम्ल तिला रोखते. लाकडाचा पृष्ठभाग सामान्यतः थोडा आम्लधर्मी असतो, त्यामुळे लाकडावर सुपरग्लू मंदावतो आणि पातळ प्रकारचा असेल तर घट्ट होण्याआधीच तंतूंमध्ये शोषला जाऊन सांधा कोरडा पडतो. म्हणून लाकूड आणि प्लास्टिक यांच्यासाठी नेहमी मध्यम घट्ट किंवा जेल स्वरूपातला सुपरग्लू घ्यावा. पातळ सुपरग्लू पट्टीतून आरपार वर येतो आणि तिथे नंतर वार्निश किंवा लाकडी रंग मुरत नाही, हा दुसरा तोटा आहे.

पांढरे डाग म्हणजे सांध्यातून बाष्परूपाने उडालेला आणि आसपासच्या पृष्ठभागावर बसून तिथेच घट्ट झालेला गोंदच असतो. गोंद जितका जास्त आणि जितका वेळ ओला, तितका तो अधिक उडतो. बंद जागा आणि दमट हवा यांनी डाग वाढतात; पोकळ जहाजाच्या आत तर वाफ कोंडूनच राहते. त्यामुळे थेट बाटलीतून न टाकता टूथपिकच्या टोकाने प्रत्येक पट्टीला मोहरीच्या दाण्याएवढे तीन थेंब लावा, काळ्या बाजू मास्किंग टेप आणि कागदाने झाका, आणि जवळून हलका पंखा फिरता ठेवा. बिनवासाचा सुपरग्लू मिळतो, त्याचे रेणू जड असल्याने वाफ कमी होते. तो महाग आणि सावकाश असला तरी रंगवलेल्या जहाजासाठी तोच घ्यावा, असे माझे मत आहे. आधी पडलेल्या डागांवर रंगहीन मॅट वार्निशचा एक हात देऊन पाहा, बऱ्याचदा ते झाकले जातात.

फट भरायची असेल तर खाण्याचा सोडा चिमूटभर टाकून त्यावर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला की तो तत्काळ दगडासारखा होतो, कारण सोडा अल्कधर्मी असतो. मात्र हा भाग आजूबाजूच्या लाकडापेक्षा आणि प्लास्टिकपेक्षाही कठीण बनतो आणि घासताना शेजारचे मऊ लाकूडच आधी झिजते, म्हणून डेकवर ही युक्ती वापरू नये.

एक सावधगिरी दोरकामापुरती. सुती दोऱ्यावर गाठ पक्की करण्यासाठी सुपरग्लूचा बारीक थेंब ठीक आहे, परंतु सुती कापडाने किंवा कापसाने सांडलेला सुपरग्लू पुसू नका. कापसात ही क्रिया इतकी वेगाने होते की चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. बोटे चिकटली तर ती ओढून न काढता साबणाच्या कोमट पाण्यात सैल करावीत.

रंधा

कानस यांचा प्लायवुडवरचा आक्षेप मला मान्य आहे. मी ती पद्धत बाक नसलेल्या, मोठ्या प्रमाणातल्या नौकांवर वापरली होती आणि तिथे एक मिलिमीटर जाणवला नाही; इथे तो जाणवेल.

दोरांच्या शिड्यांचे प्लास्टिक वर्णनावरून पॉलिएथिलीन वाटते. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा, की एक निरुपयोगी तुकडा पाण्यात टाकून, चिकटलेले बुडबुडे झटकून पाहावे. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकी असल्याने तरंगतात. पॉलिस्टायरीन, एबीएस आणि ॲक्रिलिक बुडतात. तरंगणाऱ्या प्लास्टिकचा पृष्ठभाग इतका निर्लेप असतो की त्यावर गोंद पसरतच नाही, मेणावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राहतो. त्याच्यासाठी खास प्रायमरसह मिळणारे गोंद आहेत, परंतु दोरांच्या शिड्यांसाठी एवढा खटाटोप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्या सरळ बाजूला ठेवून दोऱ्याने नव्याने विणाव्यात. लाकडी डेक करणाऱ्या माणसाला त्या प्लास्टिकच्या शिड्या शेवटी खटकणारच आहेत.

खिडक्यांसाठी कॅनोपी ग्लू वापरा, दुसरे काही नाही. सुपरग्लूची वाफ पारदर्शक भाग धुरकट करते आणि सिमेंटचा एक ओघळ ते पारदर्शक प्लास्टिक कायमचे बिघडवतो. कॅनोपी ग्लू ओला असताना ओल्या ब्रशने पुसता येतो आणि लाकडी चौकट त्यातले पाणी शोषून घेत असल्याने तो नीट वाळतोही.

रबरी गोंदाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तो दोन्ही बाजूंना लावून, दहा-पंधरा मिनिटे कोरडा होऊ देऊन मग दाबायचा असतो, आणि एकदा टेकला की पट्टी केसभरही सरकवता येत नाही. अडीच मिलिमीटरच्या शेकडो पट्ट्या सरळ रेषेत लावताना ही शिक्षाच आहे. त्यातली विद्रावके पॉलिस्टायरीनलाही खातात. त्याची लवचिकता ही जमेची बाजू आहे, कानस यांनी सांगितलेली हालचाल तो सहज सोसतो, परंतु सतत ओढ असलेल्या जागी तो हळूहळू सरकत राहतो. पाटीच्या तळाला फेल्ट लावायचे असेल तर जरूर वापरा.

किटचा एखादा भाग ओतीव रेझिनचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमधून काढलेला असेल, तर तिथे प्लास्टिक सिमेंट निरुपयोगी ठरेल. त्यांना सुपरग्लू किंवा इपॉक्सीच लागते. आणि इपॉक्सी हाताळताना हातमोजे घाला. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही.

डोलकाठी

सर्वांच्या सूचना वाचून जहाजाला हात लावण्याआधी चाचणी घेतली. तिचा वृत्तान्त देतो.

किटच्या उरलेल्या चौकटीतून आणि जुन्या डेकच्या तुकड्यातून दहा मिलिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या आणि तेवढ्याच रुंदीच्या लाकडी पट्ट्यांवर दहा मिलिमीटर चढवून जोडल्या. प्रत्येक गोंदाचे दोन नमुने केले, एक गुळगुळीत प्लास्टिकवर आणि एक ३२० नंबरने घासलेल्या प्लास्टिकवर. तीन दिवस ठेवून मग हाताने वाकवले आणि कुठे तुटते ते पाहिले.

सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीचा गुळगुळीत नमुना एका ‘टक्’ आवाजासह प्लास्टिकवरून स्वच्छ सुटला. घासलेल्या नमुन्यात मात्र लाकडाचे तंतू फाटून प्लास्टिकवर राहिले. एकाच गोंदात केवळ पॉलिश पेपरने इतका फरक पडेल, असे मला वाटले नव्हते. पाच मिनिटांचे इपॉक्सी घासलेल्या बाजूवरही अर्धे सुटले आणि अर्धे टिकले. बिनवासाच्या सुपरग्लूच्या जेलने सरळ ओढल्यावर उत्तम तग धरला, परंतु टोकाकडून सोलल्यावर तो काचेसारखा तडकला. कॅनोपी ग्लू सोलताना ताणला गेला, सहज सुटला नाही, पण जोर लावल्यावर हळूहळू निघाला. पांढरा गोंद दोन्ही नमुन्यांत नुसत्या नखाने निघाला.

यावरून डेकसाठी असे ठरवले आहे: पट्ट्या ६५ मिलिमीटर लांबीच्या कापायच्या, प्रत्येकीच्या मध्यभागी जेलचा एक थेंब आणि उरलेल्या लांबीवर कॅनोपी ग्लूचा पातळ हात द्यायचा. जेल पट्टीला क्षणात जागेवर धरतो, त्यामुळे क्लॅम्प लावावे लागत नाहीत, आणि कॅनोपी ग्लू नंतर सावकाश घट्ट होऊन टोके उचलू देत नाही. काल पहिल्या चार रांगा टाकल्या. काळ्या बाजूंवर अद्याप एकही डाग नाही.

एकच शंका उरली आहे. कॅनोपी ग्लूमध्येही पाणी असते, मग पट्ट्या फुगणार नाहीत का?

कानस

जेल आणि कॅनोपी ग्लू यांची जोडी चांगली सुचली. ही युक्ती मीही उचलणार आहे.

फुगण्याची शंका रास्त आहे. थर खरोखर पातळ असेल तर पट्टी फारशी फुगत नाही, पण एकाच बाजूने ओल लागल्यामुळे तिच्या कडा वर वळू शकतात. त्यासाठी पट्टीची वरची बाजू आधी ओल्या स्पंजने नुसती स्पर्श केल्यासारखी ओलावून घ्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या फुगतात आणि सारख्या वाळतात. मात्र त्या अवस्थेत पट्ट्या एकमेकींना दाबून बसवू नका, नाहीतर वाळल्यावर मध्ये कमीजास्त फटी दिसतील. पट्टीच्या एका कडेला मऊ काळ्या पेन्सिलीने रेघ ओढून घेतली, तर उरलेली बारीक फट खऱ्या डेकमधल्या डांबर भरलेल्या खाचेसारखी दिसते. पट्टी लावण्याआधी रेघ ओढा. नंतर ओढायला जागा राहत नाही.

आणि डेक बंद करण्याआधी तळातला नट बसवला आहे ना, तेवढे पाहा.

डोलकाठी

नट राहिला होता. पुढच्या डेकचे तोंड अजून उघडे आहे, त्यामुळे आज रात्री चिमट्याने आत पोहोचवून इपॉक्सीने बसवतो आणि उद्या पाटीत भोके पाडतो, मागचे लांबट.